तवंग पुसलेली विहीर

संपादकांनी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, अंकात काही पानं रंगीत आहेत आणि त्यांतली दोन तुमच्यासाठी ठेवलीत. दुसरी, "तुमच्या त्या प्रतिबिंबांवर लिहा. पाण्यातली, काचेतली, सगळी येऊ द्या. फक्त दिवाळीचा अंक आहे, तेव्हा जरा प्रसन्न."

मी म्हटलं, प्रसन्न जमणार नाही.

"मग निदान चिडून लिहू नका."

ते जमतंय का बघतो. पण वाचकांनी आधीच समजून घ्यावं की मी लिहायला शिकलो ते पत्रकांवर. नाले, विहिरी, ओढे यांच्यासाठी भांडणारी आमची एक छोटी समिती नाशकात होती. समिती म्हणजे पाच-सहा माणसं, एक सतरंजी आणि ओळखीचा एक प्रेसवाला. प्रमिलाताई नावाच्या निवृत्त शिक्षिका तिच्या सर्वेसर्वा. त्यांचा नियम असा: पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, मधे जागा उरली तर फोटो. ती जागा भरायला मी होतो. एरवी रविवार कारंज्याजवळच्या एका स्टुडिओत नोकरी, तिथे लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो. सुट्टी मिळाली की समितीचं काम. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा सुरुवात केली, विशीत होतो. आता तिशी ओलांडली. एवढ्या वर्षांत हाती काय लागलं ते या लेखात आहे. फार नाही.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

पाण्यातलं झाड पाण्याच्या पृष्ठभागावर असतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. झाड पाण्याच्या जितकं वर, तितकंच ते पाण्याच्या खाली असतं. कॅमेऱ्याचा फोकस पाण्यावर धरला तर पाण्यावर तरंगणारी काडी लख्ख येते आणि झाड पुसट होतं. झाड हवं असेल तर पाणी नाहीच असं समजून त्याच्या आरपार, झाडाइतकं लांब बघावं लागतं. नवशिक्यांचे पहिले रोल यातच वाया जातात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाणी जितकं काळं, तितकं प्रतिबिंब चांगलं. उथळ, नितळ पाण्यात तळ दिसतो, आणि तळ दिसायला लागला की चेहरा दिसत नाही. काळ्या, साचलेल्या, हलायचं विसरलेल्या पाण्यात मात्र पापण्यांचे केस दिसतात. बाहेर अंधार असला की खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसतो, तेच तत्त्व. नाशकातली सगळ्यात सुंदर प्रतिबिंबं मला गटारांत मिळाली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाण्याखेरीज जागा पुष्कळ. एसटीची पुढची काच, सलूनमधले समोरासमोरचे आरसे, घासलेला तांब्या, मोटरसायकलचा आरसा. सुरगाण्याला लावणीच्या आधी चिखल खाली बसला की भाताच्या खाचरांत डोंगर उतरलेले असतात, तिथे एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, "डोंगर वर हाय, तुम्ही खाली काय हुडकता?" लासलगावच्या बाजार समितीत एका व्यापाऱ्याच्या मोटारीला काळ्या काचा होत्या. त्या काचेत कांद्याच्या ट्रॅक्टरांची अख्खी रांग आणि उन्हात उकिडवे बसलेले शेतकरी दिसत होते. मी कॅमेरा रोखला, आणि आतून काच खाली घेत व्यापारी म्हणाला, "काय पाहिजे?" काच खाली गेली तशी ती सगळी रांग मोटारीच्या दारात गडप झाली. तो फोटो मिळाला नाही. पण बाजार समिती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

प्रतिबिंबंच का, असं लोक विचारतात. हौस असेल असं त्यांना वाटतं. हौस नव्हती, अडचण होती. आम्हाला ज्यांचे फोटो हवे असायचे त्यांच्या गेटवर 'छायाचित्रणास सक्त मनाई' अशी पाटी असायची. शहराच्या औद्योगिक भागाच्या कडेला एक मुलामा देण्याचा कारखाना होता. नाव लिहीत नाही. संपादकांनी वकिलाची भीती घातली आहे, आणि नाव लिहून काही फरक पडेल असं मलाही आता वाटत नाही. मुलामा म्हणजे प्लेटिंग. लोखंडाचा नळ, मडगार्ड, बंपर आत जातो आणि आरसा होऊन बाहेर येतो. मी अशाच बंपरांत प्रतिबिंबं शोधत हिंडायचो. चकाकी येते कुठून, हे मात्र मी तोवर विचारलं नव्हतं. ती आम्लाच्या हौदांतून येते. हौद धुतात, आणि धुतलेलं पाणी कुठेतरी जातं.

त्या गेटसमोर मी कॅमेरा काढला तसा वॉचमन धावत आला.

"ओ फोटोवाले. कंपनीचा फोटो काढायचा नाय."

"कंपनीचा नाही, डबक्याचा काढतोय."

"डबक्यात काय हाय?"

"तुमची कंपनी."

त्याने वाकून बघितलं. गेट, पाटी, पत्र्याचं छप्पर, धुराडं, सगळं त्या हिरवट डबक्यात उलटं टांगलेलं होतं.  डबक्याला मनाई आहे का, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मग त्याने टोपी काढली, पाण्यात बघून भांग सारखा केला आणि म्हणाला, "मंग मला बी घ्या ना मधी." मी घेतला. समितीने तो फोटो पत्रकावर छापला. वॉचमनने पत्रकाच्या दोन प्रती मागून नेल्या.

आता मुख्य गोष्ट.

भागामावशी आमच्या समितीकडे स्वतः आल्या नाहीत, आधी त्यांची शेवंती आली. प्रमिलाताई देवपूजेला फुलबाजारातून फुलं आणायच्या. एका बाईकडच्या शेवंतीच्या पाकळ्या कडेने तपकिरी दिसल्या, जशा काही उदबत्तीने डागल्या असाव्यात. ताईंनी विचारलं, "फुलांना काय झालं हो?"

"फुलाला काय व्हायचंय? पाण्याला झालंय," बाई म्हणाल्या.

त्या भागामावशी. जातीच्या माळीण, मळा शहराच्या कडेला, त्या कारखान्याच्या मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. भिंतीखालून एक नाला निघायचा तो मळ्याच्या बांधाला लागून जायचा. नवरा वारलेला. मुलगा दत्तू आणि त्या मिळून शेवंती, झेंडू, थोडी मेथी-कोथिंबीर करायच्या. मळा दिराच्या नावावरही होता, वाटण्या झालेल्या नव्हत्या. दीर शहरात राहायचा आणि त्याचं एकच म्हणणं होतं: पाणी नासलं, आता मळा कशाला ठेवायचा, विकून टाकू. मावशींचंही एकच म्हणणं होतं: पाणी सुधारेल. सरकारी साहेब येतील, बघतील, कंपनीला सांगतील, नाला बंद होईल, पाणी सुधारेल. दीर म्हणाला, बरं, साहेब येईपर्यंत थांबतो. मळा राहायचा की जायचा, ते साहेबाच्या येण्यावर टांगलेलं होतं.

पहिल्यांदा मी मळ्यात गेलो तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. विहीर चांगली रुंद, दगडी बांधणीची, एका अंगाने पायऱ्या. पाणी इतकं वर आलेलं की तिसऱ्या पायरीवर बसून हात लागत होता. मावशी आणि दत्तू जुन्या लुगड्याचं एकेक टोक धरून समोरासमोर उभे होते आणि ते लुगडं पाण्यावरून हळूहळू ओढत होते. पाण्यावर तेलाचा तवंग होता, निळा-जांभळा-पिवळा, मोराच्या पिसासारखा. लुगड्याने तो एका कोपऱ्यात लोटायचा, डालड्याच्या डब्याने भरून बाहेर टाकायचा, लुगडं पिळायचं, पुन्हा ओढायचं.

"हे रोज करता?"

"रोज. सकाळच्याला तोंड धुतल्याबिगर माणसाकडं बघवतं का? तिचं बी तसंच."

"आणि मग पाणी चांगलं होतं?"

"दिसाया चांगलं व्हतं," दत्तू म्हणाला. "पाजलं की पानं करपत्यात."

मी कॅमेरा वर केला तशी मावशींनी पदर तोंडावर ओढला आणि पाठ फिरवली. "माझा नगं. तिचा काढा." मी विहिरीला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेलो आणि भिंग पाण्याकडे रोखलं. तिचाच काढतोय म्हटल्यावर मावशी निर्धास्त झाल्या. कोपऱ्यात तवंग राहिलाय का ते बघायला त्या काठावरून वाकल्या, पदर मागे सरकला, आणि त्यांचा चेहरा थेट माझ्या भिंगात आला.

समोरून बघितलं असतं तर डोक्यावरचा पदरच दिसला असता. वाकलेल्या माणसाचा चेहरा फक्त पाण्याला दिसतो. मी पाण्याच्या आरपार, मावशींइतकं खोल फोकस धरला आणि बटण दाबलं. काळ्या पाण्यात चेहरा, नाकात चमकी, कपाळावरच्या आठ्या, मागे उलटं धुराडं, आणि गालाजवळून गेलेली तवंगाची एक बारीक रंगीत रेघ. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. मावशींना तो काढल्याचं कळलंही नाही.

प्रमिलाताईंनी तो पत्रकासाठी नापास केला. "यात बाई किती छान दिसतेय. आरोप कुठाय?" त्यांनी करपलेल्या पानांचा आणि डालड्याच्या डब्याचा फोटो घेतला. बरोबरच होतं. पत्रक वाटलं, अर्ज केले, पुन्हा अर्ज केले, प्रदूषण मंडळाच्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसलो. अखेर स्थळपाहणी ठरली. साहेब स्वतः येणार. मी आणि प्रमिलाताई आदल्या दिवशी मळ्यात जाऊन निरोप देऊन आलो. मावशींचा चेहरा उजळला.

त्या वेळी 'उद्या तवंग काढू नका' असं सांगायचं आमच्या दोघांच्या डोक्यातही आलं नाही. कुणाच्या दारात उभं राहून 'उद्या तुमच्याकडे पाहुणे येणार, घर झाडू नका' असं कोण सांगतं?

सकाळी पोचलो तर मळ्याची वाट शेणाने सारवलेली. विहिरीच्या तोंडाशी रांगोळी. काठाच्या दगडाला हळद-कुंकू, रहाटाला झेंडूची माळ, पायरीवर खण आणि नारळ. मावशी धुतलेलं नऊवारी नेसून उभ्या. आणि पाणी असं, की त्यात आभाळ बघून चिमण्यांनी फसावं. तवंगाचा ठिपका नाही. काडी नाही. मायलेक पहाटेपासून राबत होते.

प्रमिलाताईंनी माझा हात दाबला.  तेवढ्यात जीप आली.

साहेब, त्यांचा एक मदतनीस, आणि कारखान्याचे मॅनेजर. मॅनेजर साहेबांच्याच जीपमधून आले, हे आम्ही नंतरच्या पत्रकात लिहिलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मावशींनी चहा दिला. साहेब चांगल्या स्वभावाचे होते. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसाने नुकसान केलं असतं तर चीड तरी सोपी झाली असती. ते काठावर आले, वाकले आणि हसले.

"अहो, यात तर माझं टक्कल दिसतंय. आरशासारखं पाणी आहे. तक्रार कशाची?"

मी म्हटलं, "साहेब, रोज तवंग असतो. आज काढलाय."

"कुणी काढला?"

"मीच," मावशी पुढे होऊन म्हणाल्या. आवाजात अभिमान होता. "मी आन् दत्तूनं. अंधारात सुरवात केली."

"म्हणजे काढला की जातो?"

"जातो की."

"मग झालं तर," साहेब म्हणाले.

"जातो पण परत येतो साहेब," दत्तू बोलला.

"परत तर धूळही येते रे बाबा."

मग मी बोलायला लागलो. घाण पाणीच जास्त चांगला आरसा होतं, नितळ पाण्यात तुम्हाला टक्कल नाही, तळाचा दगड दिसला असता, मी वर्षानुवर्षं हेच काम करतोय, वगैरे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मॅनेजरांनी घड्याळाकडे बघितलं. मी पिशवीतून फोटो काढून दाखवायला लागलो, तवंगाचे, करपलेल्या पानांचे. त्यांच्यात तोही निघाला, मावशींचा.

साहेबांनी नेमका तोच उचलला. "हा तुमचाच ना? बघा. बाईच्या नाकातली चमकीसुद्धा दिसतेय. घाण पाण्यात असं दिसेल का हो? तुम्हीच सांगा."

मी तेच तर सांगत होतो. पण ते वाक्य कितीही वेळा बोललं तरी ऐकणाऱ्याच्या कानात उलटंच शिरतं. लहानपणापासून प्रत्येकाने ऐकलेलं असतं, पाणी आरशासारखं म्हणजे स्वच्छ. एका फोटोवाल्याच्या बडबडीने ते कसं पुसलं जाणार?

मॅनेजरांनी साहेबांच्या हातातून फोटो घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाले, "वा."

मदतनीसाने वरच्या पायरीवर बसून एक बाटली भरली. मी म्हटलं, खोल सोडा, दोरी बांधून तळाचं काढा. तो म्हणाला, दोरी आणलेली नाही. बाटली जीपमध्ये गेली. तिचं पुढे काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. निघताना मावशींनी तिघांनाही शेवंतीचे गुच्छ दिले. सगळी फुलं निवडून घेतलेली, एकाचीही कड करपलेली नाही.

जीप गेल्यावर मी मावशींवर ओरडलो. ते शब्द पत्रकात छापता आले नसते.

"तवंग का काढला मावशी?"

"मंग काय तसाच ठिवायचा?"

"हो. तसाच ठेवायचा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना अंगणात घाण करायला सांगितली होती. "आरं, पाव्हण्याला खरकटं ताट दावतं का कुणी? आन् तिची ओटी भरायची व्हती. आसरा हायेत तिच्यात, पाण्याच्या देवी. घाणीवर नारळ सोडू व्हय?" मग हळू आवाजात, "साहेब तर म्हनले ना, आरशावाणी हाय."

 प्रमिलाताई काठावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाईंचं बरोबर आहे. त्यांनी सगळं नीट केलं, म्हणूनच चुकलं."

त्यावर मी खूप विचार केला आहे. या राज्यात गरिबाने आपलं नुकसान मिरवत बसलं पाहिजे, तरच ते नुकसान. फाटकं नेसून जा, मूल कडेवर रडतं ठेव, विहिरीवर तवंग साचू दे, मग साहेब लिहून घेतील. धुऊनपुसून, ताठ मानेने, चहा देऊन सांगायला गेलात तर तुमचं सगळं छानच चाललेलं असतं. ज्या बाईला घाणीची सगळ्यात जास्त किळस, तिनेच ती पुराव्यासाठी जपून ठेवायची. मला त्यावर पत्रक लिहायचं होतं. पहिली ओळ जमली. शेवटची ओळ, म्हणजे मागणी, कधीच जमली नाही. काय मागायचं? आणि कुणाकडे?

पाहणीत पाणी नितळ आढळलं, तक्रारीत तथ्य नाही, असं उत्तर आलं. दुसरी पाहणी आम्ही मागत राहिलो. ती झाली नाही.

पुढे एके दिवशी तेच मॅनेजर आमच्या स्टुडिओत हजर. मला वाटलं धमकी द्यायला आले. ते गिऱ्हाईक म्हणून आले होते. कंपनीचं कॅलेंडर काढायचं होतं.

"तो तुमचा विहिरीतला फोटो. आमचं धुराडं काय सुंदर आलंय त्यात. उलटं आहे, पण आपण फिरवून छापू. बाईला तेवढं काढून टाका. खाली ओळ टाकू, आमच्या शेजारी विहिरी अजून जिवंत आहेत."

त्यांना चेष्टा करायची नव्हती. खरोखर आवडला होता फोटो. हेच मला सहन झालं नाही. मी त्यांना पत्रकाच्या भाषेत उत्तर दिलं, तोंडी, दुकानातल्या लोकांसमोर. ते गेल्यावर स्टुडिओचे शेठ म्हणाले, "तू माणूस चांगला आहेस. पण गिऱ्हाइकाला चोर म्हणणारा माणूस मला परवडत नाही." मी निघालो. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला एक गाळा घेऊन स्वतःचं दुकान मांडलं.

मळा विकला गेला. दिराने शब्द पाळला होता, तो साहेब येईपर्यंत थांबला होता. त्याला दोष देता येत नाही. विहीर बुजवायला डंपर आले, त्या दिवशीही मावशींनी पहाटे उठून तवंग काढला, असं मला दत्तूने सांगितलं. मी तिथे नव्हतो. असतो तरी काय केलं असतं? फोटो काढला असता.

त्यानंतर मावशी दुसऱ्यांच्या मळ्यातली फुलं घेऊन बाजारात बसायच्या. भेटायच्या तेव्हा माझ्याशी चांगलं बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "तू तवा माझ्यावर वरडला व्हता." मी म्हटलं, हो. "वरडलास ते वरडलास," म्हणाल्या. "साहेबावर वरडायला पायजेल व्हतं." मी साहेबांवर ओरडलो नव्हतो. साहेबांना मी पाण्याचं शास्त्र समजावत बसलो होतो.

समिती पुढे राहिली नाही. प्रमिलाताईंचे गुडघे गेले. प्रेसवाल्याने लग्नपत्रिका छापायला घेतल्या. नाला आता पाइपात घातला आहे, त्यामुळे तो दिसत नाही, आणि दिसत नाही त्याची पाहणी होत नाही.

गेल्या वर्षी दत्तू दुकानात आला. आई गेली म्हणाला. पोटाचं दुखणं होतं. कशाने झालं ते डॉक्टरांनी लिहिलेलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. मनात काय आहे ते वाचकांना कळलं असेल.

"भाऊ, भिंतीवर लावायला फोटो पायजे व्हता. आईनं कधी काढूनच दिला नाय. मतदानाच्या कार्डावर हाय, पण त्यात डोळे मिटलेत." मग जरा अडखळत, "तुमच्याकडं तो व्हता ना एक. हिरीतला."

मी निगेटिव्ह शोधून एक प्रत छापली. फोटो फिरवून धरला की चेहरा सुलटा होतो. दत्तूने चमकीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आईची चमकी डाव्या नाकात व्हती. ही उजवीकडं कशी?"

पाणी डाव्याचं उजवं करतं. मी त्याला म्हटलं, दुरुस्त होईल. निगेटिव्ह पालथं घालून छापलं की चमकी आपल्या जागी येते. पालथं घातलं. चमकी डावीकडे आली.

"आन् ते मागचं धुराडं?"

"ते राहू दे दत्तू."

"नगं भाऊ."

"ते राहिलं तर कुणी विचारेल तरी, हे काय म्हणून."

"कुणी नाय विचारत भाऊ. आन् आमाला आईला रोज बघायचं हाय, धुराडं नाय."

मी धुराडं कापलं. प्रमिलाताईंच्या भाषेत सांगायचं तर आरोपच कापला. गालाजवळची रंगीत रेघ ब्रशने पुसायला बसलो. पुष्कळशी गेली. थोडी राहिली, ती दत्तूला उजेडाची तिरीप वाटली. मी वाटू दिली.

संपादकसाहेब, तुमची दोन रंगीत पानं परत करतो आहे. तो फोटो मी पाठवणार नाही. तो आता दत्तूच्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर आहे, चौकटीत, झेंडूच्या हारासकट. वर्षश्राद्धाला मी गेलो होतो. जेवणं झाल्यावर एक वयस्कर पाहुणे फोटोखाली बसून माझ्याशी बोलत होते. वर बघून म्हणाले, "मावशींचा फोटो झकास आलाय. मागचा काळा पडदा फार शोभतो. कुठल्या स्टुडिओत काढला?"

मी म्हटलं, "पडदा नाही तो. पाणी आहे, त्यांच्या विहिरीचं."

ते उठले. चष्मा लावून फोटोजवळ गेले, चेहरा अगदी काचेला लावला.

"विहिरीचं?" ते म्हणाले. "किती नितळ होतं हो."